निवडणं, फिरवणं, पारायणं करणं : पुस्तकांचा अनुभव धागा

आवडत्या पुस्तकांच्या याद्या आपण सगळ्यांनी करून झाल्या आहेत. या वेळी याद्या नकोत आणि 'आमच्या लहानपणी' हेही नको. प्रत कशी पारखता, दुसऱ्याला देताना काय पथ्य पाळता, ती परत कशी येते, आणि तेच पुस्तक तिसऱ्यांदा वाचताना काय करता, एवढंच खाली प्रतिसादांत सांगा. मापं, आकडे आणि फसलेल्या युक्त्यांसह. विस्कळीत लिहिलंत तरी चालेल.

रद्दी आणि फुटपाथ धुंडाळणारा

मुंबईतला फाउंटनचा फुटपाथ असो की पुण्यातला अप्पा बळवंत चौक, जुनी प्रत हातात घेतली की आधी सांधे बघायचे, मजकूर नंतर. डेमी (कादंबऱ्यांच्या नेहमीच्या) आकाराचं पुस्तक बहुधा १६ पानांच्या फॉर्ममध्ये छापलेलं असतं : मोठ्या कागदाच्या एका अंगाला आठ पानं, दुसऱ्या अंगाला आठ, मग घड्या. बांधताना एक फॉर्म सुटला तर एकदम १६ पानं जातात. तोच दोनदा लागला तर तीच १६ पानं परत येतात. म्हणून पान न् पान तपासत बसू नका. १६-१७, ३२-३३, ४८-४९ हे सांधे पाहिले की झालं. प्रस्तावनेला वेगळे आकडे असतील तर सांधा थोडा सरकतो, पण पहिला सापडला की पुढचे सोळाच्या पाढ्याने येतात. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून छापलेल्या पुस्तकांत फॉर्मच्या पहिल्या पानाच्या तळाशी एक बारीक आकडा दिसतो. तो पृष्ठांक नव्हे, फॉर्मचा नंबर. सलग आहे ना, बघून घ्यायचं.

शेवटचा फॉर्म मात्र नक्की उघडा. पुस्तक उघडमीट करताना सगळी ओढ पुठ्ठ्याजवळच्या पहिल्या आणि शेवटच्या फॉर्मवर येते, त्यामुळे तेच आधी निखळतात. रहस्यकथा विकत घेताना हे विसरणाऱ्याची दया करावी.

श्रेयपान (आवृत्ती, प्रकाशक, साल छापलेलं पान) फाटलेलं असलं तरी काळ लावता येतो. किंमत रुपये-आण्यांत असेल तर छपाई साधारण एप्रिल १९५७ च्या आधीची, कारण दशमान नाणी तेव्हा आली. 'नवे पैसे' असं लिहिलं असेल तर १९५७ ते १९६४ मधली. नुसता शक दिला असेल तर इसवी सनासाठी ७८ मिळवा (पौष ते फाल्गुनातल्या बऱ्याचशा दिवसांना ७९). आणि 'कांहीं', 'नांव', 'घरांत' असे अनुस्वार पानभर दिसले तर १९६२ च्या शुद्धलेखन नियमांच्या आधीचं वळण समजायचं. ही शेवटची खूण कच्ची आहे. काही प्रकाशकांनी जुनेच ब्लॉक पुढे कित्येक वर्षं वापरले.

पहिल्या आवृत्तीचा सोस मला कळत नाही. वाचायला घ्यायची तर लेखकाने स्वतः शेवटची तपासलेली आवृत्ती घ्यावी, पहिलीतले छापखान्याचे घोटाळे तिथे निस्तरलेले असतात. मात्र 'आवृत्ती' आणि 'पुनर्मुद्रण' यांत गल्लत नको. पुनर्मुद्रणात फक्त पुन्हा छापलेलं असतं, एक अक्षरही बदललेलं नसतं. दुर्दैवाने पुष्कळ प्रकाशकही हे दोन शब्द सरमिसळ वापरतात, तेव्हा 'दुसऱ्या आवृत्तीच्या निमित्ताने' असं काही आत आहे का ते पाहा.

वाचनालयात देवघेव सांभाळणारी

वरच्यात एक भर. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी पुस्तकावरचे हक्क (कॉपीराइट) संपतात, मोजणी पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणजे २०११ पासून त्यांची पुस्तकं कोणीही छापू शकतो. म्हणूनच 'श्यामची आई' आज पाच-सहा वेगळ्या किमतींत दिसते. स्वस्त प्रत घ्यायला हरकत नाही, पण अनुक्रमणिकेत ४२ रात्री आहेत का ते मोजा. मुलांसाठी म्हणून कापलेल्या प्रतींवर 'संक्षिप्त' हा शब्द आतल्या पानावर बारीक टायपात असतो, मुखपृष्ठावर असेलच असं नाही. 'स्मृतिचित्रे'चंही तसंच. मूळ १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत आलं. हातातली प्रत चारही भागांची आहे की निवडक, हे घेण्याआधी बघा.

छापून संपलेल्या पुस्तकासाठी फुटपाथवर अवाच्या सवा पैसे मोजण्याआधी जुनी ग्रंथालयं पालथी घाला. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ चं, ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ चं, मुंबईचं १८९८ चं. जाताना लेखक, शीर्षक आणि अंदाजे साल कागदावर लिहून न्या. नुसतं 'निळ्या कव्हरचं होतं' यावर कोणीही काही शोधू शकत नाही. (रोज दोन माणसं असं विचारतात.)

अनुवादित पुस्तकं घेताना

मी तीन ठिकाणी बघते. एक, श्रेयपानावर मूळ भाषा. बंगाली किंवा कन्नड कादंबरी थेट आली आहे की इंग्रजीतून वळसा घालून, हे तिथे लिहिलेलं असलं पाहिजे. लिहिलेलंच नसेल तर वळसा आहे असं मी धरते. दोन, मधलं एखादं संवादाचं पान मोठ्याने वाचायचं. तीन, सगळ्यात महत्त्वाचं : तू-तुम्ही. इंग्रजीत एकच 'यू' असतो, त्यामुळे नवरा बायकोला, मुलगी बापाला, नोकर मालकाला काय म्हणतो हे अनुवादकाला ठरवावं लागतं. दहाव्या पानावर 'तुम्ही' आणि चाळिसाव्यावर कारण नसताना 'तू' आलं, तर त्याने ते ठरवलेलंच नाही. पुस्तक खाली ठेवावं.

भिशीवाली

आमची दहा जणींची पुस्तक भिशी आहे. हिशेब असा : प्रत्येकी महिना १०० रुपये, म्हणजे हजार. चिठ्ठी निघेल तिने त्या पैशांत तीन पुस्तकं आणायची. दोनशे पानी पुस्तक सध्या २५०-३५० ला पडतं, प्रदर्शनात किंवा प्रकाशनपूर्व सवलतीत थोडं कमी, तेव्हा हजारात तीन बसतात. दहा महिन्यांत ३० पुस्तकं आणि दहा माणसं, म्हणजे सगळी फिरायला लागली की प्रत्येकीच्या हातात कायम तीन. सुरुवातीला भिशी ३०० ची करायचा मोह होतो. करू नका. महिन्याला आठ-नऊ पुस्तकं आत येतात, वाचून होत नाहीत, आणि चौथ्या महिन्यात पुस्तकं नुसती पिशव्या बदलतात.

फिरवायचं ते ठरलेल्या वर्तुळात. यादीतल्या पहिलीने दुसरीला, दुसरीने तिसरीला, सगळ्यांनी एकाच दिवशी. 'जिला हवं तिने न्यावं' या पद्धतीत दोन लोकप्रिय पुस्तकं सतत बाहेर आणि बाकीची कपाटात. वाचून झालं नसेल तरी त्या दिवशी पुढे द्यायचं आणि वहीत 'अपुरं' असं लिहायचं. ते पुस्तक फेरी पूर्ण झाल्यावर आधी तिच्याकडे येतं. हा नियम नसेल तर एक संथ वाचणारी सगळी साखळी अडवते, आणि तिचा दोष नसतो.

मालकी चिठ्ठीवाल्या मैत्रिणीची, पण फेरी संपल्यावर. शेवटच्या महिन्यातली पुस्तकं घरी यायला आणखी नऊ-दहा महिने लागतात, हे पहिल्याच दिवशी सांगून टाका. मध्येच कोणी गावाला बदलून गेली तर तिच्या हातातली पुस्तकं आधी, हिशेब नंतर.

निवडीवर एकच अट : तीनपैकी एक पुस्तक दहा वर्षांहून जुनं हवं. ती नसताना दहाही जणी त्या वर्षीची पुरस्कारांची यादी घेऊन येत होत्या.

दिवाळी अंकांपुरतं

भिशीचंच गणित अंकांना लावा. १९०९ मध्ये का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून अंक शेजारपाजारी फिरतातच, आता किंमत ३००-४०० झाल्यावर तर फिरवायलाच हवेत. दहा घरांनी दोन-दोन वेगळे घ्यायचे, खरेदीआधी यादी जुळवायची, गुढीपाडव्यापर्यंत वीस अंक वाचून होतात. अंक जाड असून पाठीला नुसता गोंद असतो, तेव्हा पालथा उघडून ठेवला की पाठ तडकते. शब्दकोडं पेन्सिलीने सोडवा. पेनाने सोडवणाऱ्याला शेवटचा नंबर.

उसनं देणारा

'परहस्तं गतं गतम्' म्हणणाऱ्यांनी वही ठेवलेली नसते. माझ्या वहीत चार रकाने : पुस्तक, कोणाला, कधी, कोणी मागितलं. चौथा रकाना कळीचा. समोरच्याने मागितलेलं पुस्तक परत येतं. आपण 'हे वाचच' म्हणून गळ्यात मारलेलं येत नाही, कारण ते त्याच्या घरी गृहपाठासारखं पडून राहतं. म्हणून आग्रहाने द्यायचं असेल तर जास्तीची प्रत घेऊन भेटच द्यावी आणि विसरून जावं.

एका वेळी एकच पुस्तक, मुदत सहा आठवडे. 'सावकाश दे' म्हणणं हा सगळ्यात मोठा घोटाळा. मुदतीनंतर 'पुस्तक दे' असं विचारू नये. 'मला परत वाचायचंय, शनिवारी येऊ का' असं विचारावं. आतल्या पानावर नावाबरोबर ५० व्या पानावरही पेन्सिलीने सही करा. वाचनालयं ठरावीक आतल्या पानावर शिक्का मारतात ते यासाठीच. पहिलं पान फाडलं तरी ओळख राहते.

टपालाने पाठवायचं झालं तर नोंदणीकृत बुक पोस्टची स्वस्त सोय डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली. आता एकेक पाठवण्यापेक्षा चार-पाच एकत्र पाठवणं परवडतं. कोपरे दुमडू नयेत म्हणून गठ्ठ्याच्या वर-खाली पुठ्ठा, त्यावर प्लास्टिक, मग खोकं.

परदेशातून

सामानाचा हिशेब देतो. २०० पानी डेमी, ७० जीएसएम (चौरस मीटरला ७० ग्रॅम) कागद, साधं कव्हर : साधारण २४० ग्रॅम. म्हणजे दहा किलोत चाळीस पुस्तकं. पुठ्ठा बांधणीला प्रत्येकी १००-१५० ग्रॅम जास्तीचे. म्हणून इथे आणायला कागदी बांधणीच घ्यावी. पुस्तकं बॅगेत आडवी, कपड्यांच्या मध्ये. उभी ठेवली तर पाठ पिचते.

बाइंडिंग करणारा

पोथ्या लिहिणाऱ्यांनी पुस्तकाचे शत्रू सांगून ठेवलेत : तेल, पाणी, सैल बांधणी. त्यात मी सेलोटेप घालतो. टेपचा डिंक काही वर्षांत पिवळा पडून कागदात मुरतो, वरची पट्टी गळून पडते आणि तपकिरी डाग कायमचा राहतो.

फाटलेलं पान खळीने जोडायचं. एक वाटी मैदा, पाच वाट्या पाणी, गाठी मोडून मंद आचेवर आठ-दहा मिनिटं, पारदर्शक चकाकी येईपर्यंत. गार झाल्यावर गाळून घ्यायची. जुने लोक कीड लागू नये म्हणून मोरचूद (तांब्याचा क्षार) घालत. तो विषारी आहे आणि तांब्यामुळे पुढे कागदही काळवंडतो, घरी घालू नका. खळ फ्रिजमध्ये तीन दिवस टिकते, वास आला की फेकायची. पातळ टिश्यू कागदाची पट्टी कात्रीने न कापता पाण्याची रेघ ओढून हाताने फाडायची, म्हणजे कडेला तंतू राहतात आणि जोड दिसत नाही. खळ अगदी कमी. वर-खाली बटर पेपर, त्यावर जाडजूड कोश, रात्रभर. घाईत इस्त्री फिरवलीत तर पान कायमचं चुरगळतं.

वारंवार वाचायचं पुस्तक असेल तर घेतानाच पाठ बघा. वरून पाहिल्यावर घड्यांचे छोटे गठ्ठे दिसले आणि गठ्ठ्याच्या मधोमध दोरा असला तर ती शिलाई. ते पुस्तक सपाट उघडतं आणि चाळीस वर्षांनीही पुन्हा शिवता येतं. नुसती सलग कापलेली कड आणि गोंद दिसला तर परफेक्ट बाइंडिंग. नाव परफेक्ट, पण कापून गोंद लावल्यामुळे एकही पान दुसऱ्याशी जोडलेलं नसतं. असं पुस्तक नवं असतानाच दोन्ही बाजूंनी दहा-दहा पानं उलटत मधोमध यायचं, पाठ हळूहळू सैलावते. थेट मध्यावर उघडून दाबलं की तिथेच तडकतं.

निखळलेलं पुस्तक बाइंडरकडे देताना 'कड कापू नको' असं स्पष्ट सांगा. नाहीतर तो सवयीने तिन्ही बाजू छाटून देतो, आणि समासात लिहिलेली तुमची टिपणं अर्धी जातात.

कोकणातून, पावसाळ्यापुरतं

हवेतला दमटपणा ६५ टक्क्यांच्या वर टिकला की बुरशी धरते, आणि आमच्याकडे जून ते सप्टेंबर तो त्याखाली क्वचितच येतो. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे, पुस्तकं फळीच्या मागच्या बाजूला टेकू न देता, आणि दाटीवाटी न करता ठेवायची. एक पुस्तक दोन बोटांनी सहज निघालं पाहिजे. आठवड्यातून एकदा दारं उघडून तासभर पंखा. डांबरगोळ्या आणि वेखंड कसर दूर ठेवतात, बुरशीला त्यांचं काही वाटत नाही.

बुरशी आलीच तर ओल्या फडक्याने पुसू नका, ती आत चोळली जाते. सावलीत पंख्याखाली पूर्ण कोरडं करून, तोंडाला फडकं बांधून, अंगणात मऊ ब्रशने झाडायचं. कडक उन्हात ठेवू नये, कव्हर वाकतं आणि रंग उडतो.

कसर किंवा भुंगेऱ्यांसाठी डीप फ्रीझर. पुस्तक पिशवीत हवाबंद, उणे १८ अंशांना दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस उघडायची नाही, नाहीतर गार कागदावर दव जमतं आणि कीड मारून आपण बुरशी पाळतो. वाळवीला मात्र हा उपाय नाही. ती भिंतीतून येते, तेव्हा आधी भिंत.

पारायणवाले

'या पुस्तकाची पारायणं केलीत' असं आपण सहज म्हणतो. खरं पारायण म्हणजे वाटा पाडणं. ज्ञानेश्वरीचे अध्याय १८, पण 'रोज एक अध्याय' हा बेत फसतो. बाराव्यात ओव्या २५० च्या आत, अठराव्यात १८०० च्या वर. अध्यायाऐवजी ओव्या मोजा. एकूण नऊ हजारांच्या थोड्या वर, रोज २५ धरल्या तर बरोबर वर्षभर पुरतात आणि अर्थासकट वीस मिनिटांत होतात. दासबोध त्या मानाने सुटसुटीत : २० दशक, प्रत्येकी १० समास, रोज एक समास, २०० दिवस. समास सरासरी ३८-३९ ओव्यांचा.

तेच कादंबरीला लावता येतं. सातशे पानांची आवडती कादंबरी दुसऱ्यांदा घेताना रोज २० पानं, ३५ दिवस. पहिल्या वेळी गोष्ट पळवते, दुसऱ्या वेळी वेग आपल्या हातात असतो. कंटाळा आला की पान गाळू नका, त्या दिवशी थांबा. गाळलेल्या पानांतच तिसऱ्या वाचनाचा ऐवज असतो.

खुणांसाठी २बी पेन्सिल. एचबी टोचते आणि मागच्या पानावर उमटते. हायलायटर पातळ कागदातून आरपार दिसतो. प्रत्येक वाचनाला वेगळी खूण : पहिल्याला उभी रेघ, दुसऱ्याला टिंब, तिसऱ्याला फुली. शेवटच्या कोऱ्या पानावर तारीख आणि खुणेचा अर्थ लिहायचा. संदर्भ उतरवून ठेवताना पृष्ठांकाबरोबर प्रकरणही लिहा, आवृत्ती बदलली की पृष्ठांक निरुपयोगी. खूण म्हणून बसचं तिकीट, ओलं पान, फूल काही नको. पिंपळाचं पान ठेवायचंच तर पूर्ण जाळी झालेलं.

वडीलधाऱ्यांना वाचून दाखवताना

डेमी पानावर ओळी मोजा. २४-२६ असतील तर सत्तरीतले डोळे स्वतः वाचतात, ३४ च्या पुढे गेल्या तर वाचून दाखवायचं पुस्तक. हातात धरून वाचणाऱ्याला ४०० ग्रॅमच्या वरचं देऊ नये, मनगट दुखतं आणि पुस्तकाला नावं ठेवली जातात.

मोठ्याने वाचायला पानाला अडीच मिनिटं धरा. ४० मिनिटांत १६ पानं, त्याहून जास्त नाही. आदल्या दिवशी स्वतः एकदा वाचून लांब वाक्यांत श्वासाच्या जागी बारीक तिरकी रेघ मारून ठेवायची. त्यांना पाठ असलेलंच पुस्तक घ्या. आपण ओळ चुकलो की ते दुरुस्त करतात, आणि त्यांचा दिवस चांगला जातो.

एक प्रश्न, बाइंडिंगवाल्या काकांना

टेप आधीच लावून झाली असेल तर? आईच्या पाकशास्त्राच्या वहीला आहे. पिवळी पडली आहे, अर्धी सुटली आहे.

बाइंडिंग करणारा

सुटली आहे तेवढीच काढा, ओढू नका. उरलेल्या भागावर हेअर ड्रायर मंद गरम करून वीतभर लांबून अर्धा मिनिट फिरवा आणि पट्टी कागदाला जवळजवळ समांतर, मागे दुमडून, अगदी हळूहळू सोडवा. कागदाचा पापुद्रा यायला लागला की तिथेच थांबा. उरलेला चिकटपणा साध्या खोडरबराने, एकाच दिशेने. डाग जाणार नाही. पेट्रोल, थिनर यांच्या वाटेला जाऊ नका, शाई पसरते. आणि हे सगळं करण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा, पाककृती वाचता येताहेत तोवर.